‘क्रेटर’ : द्राक्षासवाच्या घंगाळापासून लोणारच्या विवरापर्यंत

बुलडाणा जिल्ह्यातील लोणार येथे येणाऱ्या पर्यटकाच्या कानावर एकाच जागेची चार नावे पडतात. गावातील वृद्ध मंडळी तिला ‘तळे’ म्हणतात, शासकीय कागदपत्रांत ते ‘सरोवर’ असते, भूगोलाच्या पुस्तकात ‘विवर’ असते आणि वाटाडे व सहलीला आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी सर्रास ‘क्रेटर’ म्हणून मोकळे होतात. यांपैकी चौथा शब्द सर्वांत परका असला तरी त्याचा प्रवास सर्वांत लांबचा आहे. विशेष म्हणजे या शब्दाच्या अर्थात दडलेल्या एका गृहीतकामुळे लोणारच्या उगमाचे कोडे दीर्घकाळ चुकीच्या दिशेने सोडविले जात होते.

‘क्रेटर’ हा मूळचा ग्रीक शब्द. प्राचीन ग्रीक लोक मद्य निर्भेळ पीत नसत. तसे पिणे हे त्यांच्या दृष्टीने रानटीपणाचे लक्षण होते. मेजवानीत रुंद तोंडाचे मोठे भांडे मध्यभागी ठेवून त्यात द्राक्षासव आणि पाणी ठरावीक प्रमाणात मिसळले जाई आणि तेथून ते प्याल्यांत वाढले जाई. या मिश्रणपात्राला ‘क्राटेर’ असे नाव होते. आपल्याकडील जुन्या घरांतले तांब्या-पितळेचे घंगाळ डोळ्यांसमोर आणल्यास त्याच्या आकाराची कल्पना येऊ शकेल. जगभरातील पुरातत्त्व संग्रहालयांत अशी चित्रांकित ग्रीक पात्रे ठेवलेली आहेत आणि त्यांच्यापुरते इंग्रजीतही आद्याक्षर बदलून, ‘के’ने सुरू होणारे ग्रीक वळणाचे वर्णलेखन वापरण्याची प्रथा आहे.

या नावाच्या मुळाशी ‘मिसळणे’ या अर्थाचा ग्रीक धातू आहे. त्याच धातूपासून ‘मिश्रण’ या अर्थाचा ‘क्रासिस’ हा शब्द झाला आणि आजच्या ग्रीक भाषेत मद्याला जो ‘क्रासी’ हा रोजचा शब्द आहे, तोही त्याचाच वंशज. म्हणजे पाणी मिसळण्याची चाल मोडली, तरी तिची खूण नावात शिल्लक राहिली. मराठी वाचकाला अधिक जवळचा वाटेल असा धागा मात्र पुढेच आहे. भाषाशास्त्रज्ञ या ग्रीक धातूचे नाते संस्कृतातील ‘श्रीणाति’, म्हणजे ‘मिसळतो’, या क्रियापदाशी जोडतात. सोमरसात जे दूध मिसळले जाई, त्याला वैदिक भाषेत ‘आशिर’ म्हणत. तो शब्दही याच कुळातला. ग्रीकांच्या मेजवानीतले घंगाळ आणि वैदिक यज्ञातले सोमाचे पात्र यांच्यामागे एकच प्राचीन शब्दमूळ असावे, हा योगायोग खासच म्हणावा लागेल.

भांड्यापासून पर्वतापर्यंतची उडीही प्राचीनांनीच मारली. सिसिली बेटावरील एटना पर्वताच्या तोंडाशी असलेला वाटोळा, खोलगट भाग पाहून ग्रीक व रोमन लेखकांना मिश्रणपात्राची आठवण झाली. लॅटिनमार्गे हा शब्द सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजीत आला, तो मुख्यतः याच अर्थाने. ‘क्रेटर’ म्हणजे ज्वालामुखीचे मुख. त्यानंतर जवळजवळ तीन शतके सुशिक्षित इंग्रजाला या शब्दाचा दुसरा कोणताही नैसर्गिक अर्थ सुचत नव्हता. पुढच्या सगळ्या घोटाळ्याचे बीज येथे आहे.

चंद्रावरचे खड्डे

गॅलिलिओने १६०९ मध्ये दुर्बीण चंद्राकडे वळविली, तेव्हा त्याला तेथे डोंगर आणि खोलगट जागा दिसल्या. त्याने त्यांना ‘क्रेटर’ म्हटले नाही. रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात दोन प्रयोगांची नोंद आहे. ओल्या मातीच्या लगद्यात गोळ्या टाकल्या असता चंद्रावरच्यासारखे खळगे पडतात, हे त्याने पाहिले; उकळत्या अॅलाबॅस्टरच्या पृष्ठावर बुडबुडे फुटून तसेच खळगे उरतात, हेही पाहिले. चंद्रावर आदळण्यासाठी गोळ्या येणार कोठून, असा प्रश्न त्याला पडला आणि त्याने दुसऱ्या स्पष्टीकरणाला पसंती दिली. त्या काळी अवकाशातून दगड पडतात, हेच विद्वानांना मान्य नव्हते, हे लक्षात घेता त्याला दोष देता येणार नाही.

अठराव्या शतकाच्या अखेरीस, १७९१ मध्ये, योहान श्रोटर या जर्मन निरीक्षकाने चंद्राचे तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केले आणि तेथील वर्तुळाकार खळग्यांना ‘क्रेटर’ हे नाव दिले. नाव रूढ झाले आणि नावाबरोबर ज्वालामुखीही चंद्रावर जाऊन बसला. ‘क्रेटर’ आहे, त्या अर्थी तो ज्वालामुखीचाच असणार, अशी शब्दानेच केलेली ही सोय होती.

चंद्रावरील खड्डे आघाताने पडले, असे म्हणणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण होती. अवकाशातून येणारे दगड सर्व दिशांनी, बहुधा तिरपे येणार. तिरपा दगड आदळला तर खड्डा लांबट पडायला हवा. चंद्रावरील खड्डे मात्र जवळपास सगळे गोल. हा आक्षेप पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दूर झाला, आणि तो दूर होण्यास या शब्दाच्या तिसऱ्या, लष्करी अर्थाचा हातभार लागला. सुरुंग किंवा बॉम्ब यांच्या स्फोटाने पडलेल्या खड्ड्यालाही इंग्रजीत ‘क्रेटर’ म्हणत. अमेरिकेच्या यादवी युद्धात ३० जुलै १८६४ रोजी व्हर्जिनियातील पीटर्सबर्ग येथे भुयारी सुरुंग उडविल्यानंतर झालेली लढाई ‘क्रेटरची लढाई’ म्हणूनच इतिहासात नोंदली गेली आहे. १९१९ मध्ये हर्बर्ट आइव्ह्ज या अमेरिकी शास्त्रज्ञाने विमानातून घेतलेली बॉम्बच्या खड्ड्यांची छायाचित्रे चंद्राच्या छायाचित्रांशेजारी ठेवून त्यांतील साम्य दाखविले. पुढे १९२४ मध्ये न्यूझीलंडच्या ए. सी. गिफर्ड यांनी त्यामागचे गणित मांडले. सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने येणारा दगड जमिनीत रुततो तेव्हा त्याची गतिज ऊर्जा क्षणात मुक्त होते आणि स्फोटच होतो. स्फोट सर्व दिशांना सारखा पसरतो; म्हणून दगड तिरपा आला तरी खड्डा गोलच पडतो. बॉम्बचा ‘क्रेटर’ आणि चंद्राचा ‘क्रेटर’ यांचे नाते केवळ शब्दापुरते नव्हते, हे अशा रीतीने उघड झाले.

लोणार : नावाचा गोंधळ

लोणारच्या तळ्याला या परिसरात मुळीच परके नाव नव्हते. ‘लवण’ या शब्दापासून ‘लोण’ आणि त्यावरून ‘लोणार’ ही व्युत्पत्ती सर्वपरिचित आहे. विष्णूने दैत्यसूदन रूपात लवणासुराचा वध केला, ती जागा हीच, अशी पुराणकथा सांगितली जाते. गावातील दैत्यसूदनाचे कोरीव मंदिर त्या कथेचे स्मारक होय. अकबराच्या काळातील ‘ऐन-ए-अकबरी’तही लोणारची नोंद असून या भागात काच व साबण बनविण्यासाठी लागणारे क्षार मिळतात, असे तीत म्हटले आहे. तळ्यातील क्षारांचे प्रकार ओळखून त्यांना वेगवेगळी नावे देण्याइतकी येथील लोकांची नजर तयार होती. त्यांना ‘क्रेटर’ या शब्दाची गरज नव्हती.

गरज भासली ती साहेबाला. सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२३ मध्ये हे स्थळ पाहिले. त्यानंतर येथे आलेल्या भूगर्भशास्त्रज्ञांसमोर दोन गोष्टी होत्या : एक जवळजवळ अचूक वर्तुळाकार खळगा आणि त्याच्या सभोवार पसरलेला दख्खनचा काळा बेसॉल्ट, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा खडक. वर्तुळाकार खळगा, लाव्हाचा खडक आणि ‘ज्वालामुखीचे मुख’ या अर्थाचा शब्द, हे तीनही जुळून आल्यावर दुसरा निष्कर्ष कसा निघावा? लोणार हा विझलेला ज्वालामुखी असल्याचे मत एकोणिसाव्या शतकात रूढ झाले. लाव्हा थंड झाल्यानंतर कित्येक कोटी वर्षांनी हा खड्डा कसा पडला आणि त्यातून नवा लाव्हा का बाहेर आला नाही, हे प्रश्न मात्र अनुत्तरित राहिले.

या कथेतील सर्वांत गमतीचे पात्र म्हणजे ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हे अमेरिकी भूगर्भशास्त्रज्ञ. चंद्रावरील खड्डे आघातजन्य आहेत, हे त्यांनी १८९३ मध्ये जोरकसपणे मांडले. त्याआधी, १८९१ मध्ये, अॅरिझोनातील एका प्रचंड खड्ड्याची त्यांनी स्वतः पाहणी केली होती. तेथे पुरलेल्या लोखंडी उल्केचा चुंबकीय पुरावा न मिळाल्याने तो खड्डा भूगर्भातील वाफेच्या स्फोटाने झाला असावा, असा निर्णय त्यांनी दिला. १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी या खड्ड्याचे साम्य कोणाशी दाखविले, तर थेट लोणारशी! साम्य अचूक होते, निष्कर्ष मात्र दोन्ही ठिकाणी चुकला. हुशार माणूस चंद्राबाबत बरोबर ठरला आणि पायाखालच्या जमिनीबाबत फसला. अॅरिझोनाचा खड्डा उल्कापातानेच झाल्यावर १९६० मध्ये, युजीन शूमेकर व त्यांच्या सहकाऱ्यांना तेथे कोएसाइट हे प्रचंड दाबाखालीच तयार होणारे खनिज सापडल्यावर, शिक्कामोर्तब झाले.

लोणारचा निकाल लागण्यास १९७३ साल उजाडावे लागले. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्था आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांच्या शास्त्रज्ञांनी सरोवराच्या तळाचा गाळ भेदून खाली छिद्रे पाडली. तेथून निघालेल्या चुरा झालेल्या बेसॉल्टमध्ये त्यांना ‘मास्केलिनाइट’ सापडले. आघाताच्या धक्क्याने, न वितळता, स्फटिकाची काच होते तेव्हा हा पदार्थ तयार होतो. कोणत्याही ज्वालामुखीला तो बनविता येत नाही. ‘सायन्स’ या नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि लोणार हे बेसॉल्टमधील आघात विवर असल्याचे सिद्ध झाले. अपोलो मोहिमांनी चंद्रावरील बेसॉल्ट नुकताच पृथ्वीवर आणला होता. त्यामुळे चंद्रावरील आघातांचा अभ्यास करण्यासाठी लोणारचे महत्त्व एकदम वाढले. जाता जाता एक नोंद : ‘मास्केलिनाइट’ हा पदार्थ सर्वप्रथम ओळखला गेला तो १८६५ मध्ये बिहारमधील शेरघाटी येथे पडलेल्या उल्कापाषाणात.

तेव्हापासून लोणारच्या संदर्भात ‘क्रेटर’ हा शब्द पुन्हा योग्य ठरला, पण वेगळ्या अर्थाने. शब्द तोच राहिला आणि त्याच्या पोटातला अर्थ बदलला. शंका राहू नये म्हणून शास्त्रज्ञ आता ‘इम्पॅक्ट क्रेटर’, म्हणजे ‘आघात विवर’, असा जोडशब्द वापरतात.

दोन दावे, एक दुरुस्ती

या विवराबद्दल वृत्तपत्रांतून आणि पर्यटन पत्रकांतून काही विधाने वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा छापली जातात. ‘जगातील तिसऱ्या क्रमांकाचे विवर’ हे त्यांपैकी एक. लोणारचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असून काठापासून खोली सुमारे १५० मीटर आहे. मेक्सिकोतील चिक्शुलूब येथील आघात विवराचा व्यास सुमारे १८० किलोमीटर मानला जातो. डायनोसॉरच्या विनाशाशी ज्याचा संबंध जोडला जातो, तेच हे विवर. पृथ्वीवर निश्चित झालेल्या सुमारे दोनशे आघात विवरांत आकाराच्या दृष्टीने लोणार बरेच खाली आहे. भारतातच मध्य प्रदेशातील ढाला आणि राजस्थानातील रामगड येथील आघातरचना लोणारपेक्षा मोठ्या आहेत.

‘बेसॉल्टमधील जगातील एकमेव विवर’ हा दुसरा दावा. ब्राझीलमधील व्हार्जियाओ आणि व्हिस्टा अलेग्रे येथील विवरेही बेसॉल्टमध्येच आहेत. ती लोणारपेक्षा पुष्कळ मोठी, परंतु फार जुनी आणि झिजलेली. लोणारचे खरे वैशिष्ट्य त्याच्या तारुण्यात आहे. काठाची उचललेली कड, बाहेर फेकला गेलेला दगडमातीचा थर आणि मूळचा वाडग्यासारखा आकार आजही डोळ्यांनी पाहता येतो. हे तारुण्य नेमके किती, यावर मात्र एकमत नाही. १९९७ मधील एका मापनाने विवराचे वय सुमारे ५२ हजार वर्षे दाखविले, तर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या मापनाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे असल्याचे सांगितले. कोणी ‘५० हजार वर्षांपूर्वीचे’ असे छातीठोकपणे लिहिले असेल, तर या दोन आकड्यांतील अंतर लक्षात ठेवलेले बरे.

या चुका किरकोळ वाटतील. परंतु खोटे मोठेपण टिकत नाही आणि ते कोसळले की खऱ्या मोठेपणावरही लोक अविश्वास दाखवितात. २००० मध्ये लोणारला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२० च्या नोव्हेंबरमध्ये ते रामसर यादीत समाविष्ट झाले. त्याच वर्षी जूनमध्ये पाण्याचा रंग गुलाबी झाला, तेव्हा देशभरातील वृत्तवाहिन्यांवर तर्कवितर्कांना ऊत आला होता. खारट व अल्कधर्मी पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत स्पष्ट झाले. रामसर दर्जा विवराला पाणथळ जागा म्हणून मिळाला आहे, हेही येथे नमूद करावयास हवे. म्हणजे संरक्षणाच्या दप्तरी महत्त्व आहे ते तळ्याला. कड आणि बाहेर फेकला गेलेला थर पाण्याच्या रेषेपासून बराच दूर पसरलेला आहे आणि विवराचा अर्धा पुरावा तेथेच आहे.

मराठीत काय म्हणावे?

मराठीत ‘क्रेटर’साठी ‘विवर’ हा पारिभाषिक शब्द स्थिरावला आहे. ‘वृ’ म्हणजे झाकणे. ‘वि’ हा उपसर्ग लागून ‘उघडणे’ असा अर्थ होतो. ‘विवर’ म्हणजे उघडी जागा, भोक, बीळ. ‘विवरण’ आणि ‘विवृत’ हे शब्दही याच घरातले. गुंतलेला अर्थ उघडून दाखविणे ते विवरण. ग्रीक शब्दात भांड्याचा आकार आहे, संस्कृत शब्दात उघडेपणा आहे. म्हणूनच ‘विवर’ हा शब्द मराठीत इतरत्रही उपयोगी पडला. इंग्रजी ‘ब्लॅक होल’ला आपण ‘कृष्णविवर’ म्हणतो. डॉ. जयंत नारळीकर यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी १९७४ मध्ये नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठविलेल्या कथेचे शीर्षकही तेच होते. तोटा एवढाच, की ‘क्रेटर’ आणि ‘होल’ या इंग्रजीतील दोन भिन्न कल्पनांना मराठीत एकच शब्द पुरवावा लागतो. ज्वालामुखीच्या बाबतीत ‘मुख’ किंवा ‘कुंड’ हे शब्दही वापरले जातात आणि ते अधिक नेमके वाटतात.

‘कुंड’वरून आणखी एका शब्दाची गल्लत आठवते. ज्वालामुखीचा माथा खाली खचून जो प्रचंड खळगा तयार होतो, त्याला शास्त्रात ‘क्रेटर’ न म्हणता ‘काल्डेरा’ म्हणतात. हा स्पॅनिश शब्द. अर्थ मोठी कढई. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातले प्रसिद्ध ‘क्रेटर लेक’ प्रत्यक्षात काल्डेरा आहे, पण नाव १८६९ मध्येच पडून गेले. घंगाळ आणि कढई यांची ही अदलाबदल आता कोणी दुरुस्त करील, अशी चिन्हे नाहीत.

मुंबई इलाख्याशीही या शब्दाचा जुना संबंध आहे. एडन बंदरातील जुन्या वस्तीचे नावच ‘क्रेटर’. विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखात ती वसलेली आहे. १८३९ मध्ये इंग्रजांनी एडन घेतले आणि त्यानंतर जवळजवळ शतकभर त्याचा कारभार मुंबईहून चालला. आद्यक्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांना काळ्या पाण्याची शिक्षा भोगण्यासाठी एडनलाच पाठविण्यात आले होते. १८८३ मध्ये त्यांचा मृत्यू तेथेच झाला.

व्यवहारातील उपयोग

इंग्रजीत या शब्दाचे आणखी बरेच उपयोग आहेत. वेल्डिंग करणारा कारागीर जोडाच्या शेवटी उरणाऱ्या खळग्याला ‘क्रेटर’ म्हणतो. तो नीट भरला नाही तर तेथून तडा जातो. जुन्या चित्रपटगृहांतील कार्बन आर्कच्या प्रक्षेपकात धन कांडीच्या टोकाला पडणारी खाच म्हणजेही ‘क्रेटर’. पडद्यावरचा झगझगीत प्रकाश मुख्यतः तेथूनच येत असे. आकाशातील ‘क्रेटर’ हा तारकासमूह टॉलेमीच्या ४८ समूहांपैकी एक असून मराठीत त्याला ‘चषक’ म्हणतात. तो हस्त नक्षत्राच्या शेजारी शोधावा; ताऱ्यांचे तेज मंद असल्याने शहरातून तो दिसणे कठीणच.

अलीकडे क्रियापद म्हणून त्याचा वापर वाढला आहे. समभागांचे भाव किंवा एखाद्या नेत्याची लोकप्रियता अचानक कोसळली, की इंग्रजी वृत्तपत्रे हे क्रियापद वापरतात. मराठीत ‘गडगडणे’ किंवा ‘कोसळणे’ हे शब्द असताना त्याची उसनवारी करण्याचे कारण नाही. पावसाळ्यात रस्त्यांवरील खड्ड्यांनाही इंग्रजी बातम्यांत ‘क्रेटर’ म्हटले जाते. तेथे आपला ‘खड्डा’ पुरेसा बोलका आहे.

उच्चाराबद्दल थोडेसे. ‘क्रेटर’मधील ‘क्रे’ दीर्घ उच्चारावा. ‘निर्माता’ या अर्थाचा ‘क्रिएटर’ वेगळा. भ्रमणध्वनीवर चित्रफिती टाकणाऱ्या मंडळींमुळे तो शब्द आता घरोघरी पोहोचला आहे आणि लोणारला गेलेल्यांच्या लिखाणात त्याची ‘क्रेटर’शी सरमिसळ झालेली आढळते. बाजार समितीत टोमॅटो ज्यातून येतात, त्या ‘क्रेट’शीही याचे नाते नाही, तो शब्द बहुधा वेतकामाच्या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला आहे.

अवकाशात तर आता हा शब्द नावांच्या यादीसह वाढतो आहे. चंद्रावरील विवरांना आर्यभट, बोस, रामन, भाभा आणि साराभाई यांची नावे आहेत. मंगळावरील लहान विवरांना पृथ्वीवरील लहान गावांची नावे देण्याचा आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेचा संकेत असून गावाची लोकसंख्या एक लाखापेक्षा कमी असावी लागते. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील मुरसान आणि बिहारमधील हिलसा या गावांची नावे त्यानुसार मंगळावर गेली. त्यांच्या आधीच मंगळाच्या उत्तर ध्रुवाकडील भागातील एका विवराला नाव मिळाले आहे ‘लोणार’.